पेन्सिलीतली दोन अक्षरे

माहिती अधिकाराची नोंदवही गेली सहा वर्षे माझ्या टेबलावर आहे आणि मासिक आढाव्यात ‘मुदतबाह्य प्रलंबित : निरंक’, म्हणजे मुदत उलटलेला एकही अर्ज बाकी नाही, असे लिहिताना मला दर वेळी थोडा अभिमान वाटत आला आहे. जुलैच्या 22 तारखेला आलेल्या एका अर्जात त्या नोंदवहीच्याच पानाची प्रत मागितलेली होती. आपला 3 जूनचा अर्ज कोणत्या दिवशी कोणाकडे होता, एवढेच अर्जदाराला पाहायचे होते.

माहिती देण्यासाठी कायद्यात असलेले तीस दिवस बाहेरून दिसतात तितके सरळ नसतात. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे हस्तांतरित करावा लागतो. त्रयस्थ पक्षाचे म्हणणे मागवायचे असेल तर मुदत चाळीस दिवसांवर जाते. एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ती अठ्ठेचाळीस तासांवर येते. आणि शुल्क भरण्याचे पत्र रवाना झाल्यापासून पैसे भरले जाईपर्यंतचे दिवस मोजायचेच नसतात. हे सगळे सांभाळण्यासाठी मी प्रत्येक ओळीपुढे अखेरची तारीख लाल शाईने लिहितो आणि तीच नस्तीच्या कव्हरवर उतरवतो. ऑनलाइन अर्जाला नोंदणी क्रमांक आणि तारीख यंत्रणाच देते. कागदी अर्ज मात्र माणसांच्या हातून फिरतो, आणि आमच्याकडे अजून कागदी अर्जच अधिक येतात.

प्रत काढण्यापूर्वी ताळा करावा म्हणून मी मूळ अर्ज नस्तीतून बाहेर काढला आणि सहज उलटून पाहिला. मागे बारनिशीचा, म्हणजे आवक टपाल नोंदवणाऱ्या शाखेचा, शिक्का 3 जूनचा होता. माझ्या नोंदवहीत ‘प्राप्त दिनांक’ 12 जून. मधले नऊ दिवस तो अर्ज इतर टपालाबरोबर एका शाखेत गेला होता आणि ‘आमच्याशी संबंधित नाही’ एवढ्या शेऱ्यानिशी परत आला होता. असा शेरा लिहायला नऊ दिवस का लागावेत, हे मला आजही समजत नाही. पण शिक्का न पाहता हातात पडल्याची तारीख लिहिण्याची सवय माझीच. कायद्याचा काळ अर्ज कार्यालयात आल्यापासून धावतो, माझ्या टेबलावर आल्यापासून नाही.

शुल्काचे पत्र 10 जुलैला गेले होते, म्हणजे माझ्या हिशेबाने अठ्ठाविसाव्या दिवशी आणि शिक्क्याच्या हिशेबाने सदतिसाव्या. मुदत उलटल्यावर माहिती विनामूल्य द्यावी लागते, असे कलम 7(6) स्पष्ट सांगते. आम्ही बेचाळीस पानांचे, पानी दोन रुपयांप्रमाणे, चौऱ्याऐंशी रुपये घेतले होते. माझा ‘निरंक’ असाच किती महिने खोटा होता, ते मोजायला मी अजून बसलेलो नाही.

तरीही तारखेपेक्षा मला छळले ते शेऱ्याच्या रकान्यातल्या पेन्सिलीतल्या दोन अक्षरांनी : ‘ने. अ.’, म्हणजे नेहमीचे अर्जदार. ही खूण माझीच. ती नस्तीच्या कव्हरवरही असते आणि ती दिसली की अखेरच्या आठवड्यापर्यंत नस्तीला कोणी हात लावत नाही. हा आमच्याकडचा अलिखित प्रघात आहे. आमचे अव्वल कारकून म्हणाले, “खोडून टाका, पेन्सिल म्हणजे काही अभिलेख नव्हे.” ते मनाने वाईट नाहीत, पण प्रत्येक अर्जाला हल्ला समजणाऱ्या पिढीचे आहेत. मागितलेली माहिती नष्ट करणे हे कलम 20 मध्ये दंडाचे कारण आहे, हे मी त्यांना दाखवले. खोडरबर मात्र त्याआधी माझ्या हातात येऊन गेला होता, हे इथे कबूल करतो. शेवटी इतर अर्जदारांची नावे कागदाच्या पट्ट्यांनी झाकून आमच्या जन माहिती अधिकारी मॅडमच्या सहीनिशी, देता येणारा भाग वेगळा काढून देण्याच्या कलम 10 प्रमाणे प्रत काढली. झेरॉक्समध्ये ती अक्षरे पुसट आली, पण आली.

अर्जदार 4 ऑगस्टला स्वतः प्रत घ्यायला आले. उभ्यानेच पान वाचून त्यांनी त्या अक्षरांवर बोट ठेवले आणि विचारले, “हे काय आहे?” मी अर्थ सांगितला. ते काही चिडले नाहीत. “साहेब, आयुष्यात मी दोनच अर्ज केलेत,” ते म्हणाले, “एक जूनमधला आणि दुसरा हा, तो का रखडला ते विचारणारा.”

ते गेल्यावर मी मागची पाने चाळली. त्याच आडनावाचे आणि त्याच आद्याक्षरांचे दुसरे एक गृहस्थ आमच्याकडे वर्षाला दहा-बारा अर्ज करतात. त्यांची खूण मी यांच्या नावापुढे केली होती. ती नसती तर शुल्काचे पत्र बहुधा जूनमध्येच गेले असते.

तीन दिवसांनी त्यांचे प्रथम अपील आले. ते नोंदवताना मी आधी कागद उलटून शिक्का पाहिला. शुल्क परत करण्याचा प्रस्ताव मॅडमनी सुनावणीची वाट न पाहता पाठवला आहे. माझ्याकडून खुलासा मागितला आहे आणि त्याचा मसुदा ‘नामसाधर्म्यामुळे’ या शब्दापाशी अडला आहे, कारण त्या दुसऱ्या गृहस्थांची नस्तीही अखेरच्या आठवड्यापर्यंत का पडून राहावी, याचे उत्तर त्या शब्दात बसत नाही.