९४ टक्क्यांचा अहवाल

दुसऱ्या एका प्रयोगशाळेच्या अहवालावर ‘अँटिऑक्सिडंट क्षमता ९४ टक्के’ एवढीच ओळ होती. नमुना किती घेतला, कशात विरघळवला, तुलनेला काय ठेवले, यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता. शिक्का मात्र ठसठशीत होता. ही ओळ दालचिनीच्या पानांच्या तेलाची होती. तिच्याखाली कोकम आगळाचा, म्हणजे मीठ घालून टिकवलेल्या कोकमाच्या रसाचा आकडा होता, ३१ टक्के, आणि त्याच आकड्यावर बोट ठेवून व्यापाऱ्याने मालवणजवळच्या एका बचत गटाच्या आगळाचा दर पाडला होता. गटाच्या अध्यक्ष बाई आणि तो व्यापारी मे महिन्यातल्या एका सकाळी एकाच गाडीने रत्नागिरीला आमच्या प्रयोगशाळेत आले. आमच्याकडे तंटा मिटत नसला की देवाला कौल लावतात. हे दोघे स्पेक्ट्रोफोटोमीटरला, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणाऱ्या यंत्राला, कौल लावायला आले होते.

आमच्या कामाचा मोठा भाग विहिरीचे पाणी, काजूगरातील ओलावा आणि मसाल्यांची भेसळ यांत जातो. अँटिऑक्सिडंटची चाचणी क्वचित येते आणि आली की मला मनापासून आनंद होतो, कारण ती दिसायला सुंदर आहे. डीपीपीएच नावाच्या पदार्थाचे मिथेनॉलमधील द्रावण गडद जांभळे असते. हा एक स्थिर मुक्त मूलक, म्हणजे एक इलेक्ट्रॉन सुटा असलेला रेणू असून त्याला कोणी हायड्रोजनचा अणू दिला की त्याचा जांभळा रंग जाऊन फिकट पिवळा उरतो. १९५८ साली ब्लॉइस यांनी मांडलेली ही पद्धत आजही जगभर वापरली जाते, कारण ती स्वस्त आहे आणि अर्ध्या तासात उत्तर देते. नळ्या ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून अंधारात ठेवायच्या आणि ५१७ नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला जातो ते वाचायचे, एवढीच कृती. हे वाचन मूळच्यापेक्षा जितके टक्के उतरले, तोच अहवालातला आकडा. मे महिन्यात मात्र मिथेनॉल उघड्या नळीतून बघता बघता उडते, द्रावण घट्ट होत जाते आणि आकडा खोटा पडतो. म्हणून झाकण न लावता नळी ठेवणाऱ्या सहकाऱ्यांवर मी चिडते, आणि त्याचा मला पश्चात्ताप होत नाही.

आगळाचा नमुना हातात घेताच गोम लक्षात आली. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनांचा असतो आणि आम्लात ही रंगद्रव्ये ज्या लहरींचा प्रकाश सर्वाधिक शोषतात, त्या ५१० ते ५२० नॅनोमीटरच्या आसपासच येतात. म्हणजे ज्या खिडकीतून डीपीपीएचचा जांभळा रंग किती उरला हे पाहायचे, त्याच खिडकीत कोकमाचा लाल रंग उभा राहतो आणि यंत्र बिचारे दोन्ही रंग एकत्र मोजते. नुसत्या डीपीपीएचचे वाचन ०.९६ आले. आगळ मिसळून अर्ध्या तासाने ते ०.६६ झाले, म्हणजे शिक्क्याच्या अहवालातले ३१ टक्के बरोबर जुळले. मग तेवढेच आगळ डीपीपीएचशिवाय नुसत्या मिथेनॉलमध्ये घालून वाचले, तर ०.३३. हा आकडा निव्वळ आगळाच्या स्वतःच्या रंगाचा होता. तो वजा करताच ३१ टक्क्यांच्या जागी ६६ टक्के आले. रंगीत नमुन्यासाठी अशी वेगळी नळी लावायची असते, हे पदव्युत्तर वर्गातही शिकवतात. पैसे घेऊन अहवाल देणाऱ्या प्रयोगशाळेने ती लावू नये आणि त्यावर एखाद्या गटाच्या वर्षभराच्या मालाचा भाव ठरावा, याला मी हलगर्जी म्हणते.

त्यातच मिठाचा घोळ होता. आगळ टिकावे म्हणून त्यात भरपूर मीठ घातलेले असते. ते आटवून उरलेल्या घनपदार्थाच्या वजनावर हिशेब केला, तर वजनातला मोठा वाटा मिठाचा निघतो, ज्याचा या चाचणीशी काडीचाही संबंध नाही. बिनमिठाच्या सालीच्या अर्काशेजारी असे आगळ ठेवले की ते दुबळे दिसणारच. दुसरीकडे, व्यापाऱ्याने लेबलाच्या मसुद्यात आगळाला ‘गार्सिनॉलयुक्त’ म्हटले होते. गार्सिनॉल हे कोकमाच्या सालीतले पिवळे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते बहुतांशी सालीतच राहते. ज्याची तारीफ करायची ती बाटलीत नाही आणि जे बाटलीत आहे त्याला भाव नाही, असा सगळा प्रकार होता.

तेलाची चाचणी मी मुद्दाम दोघांच्या समोर केली. दालचिनीच्या पानांच्या तेलात साधारणपणे ७० ते ८५ टक्के युजेनॉल असते, जे लवंगेतही असते. हे तेल पाण्यापेक्षा जड असते. लिंबाच्या सालीचे किंवा गवती चहाचे तेल पाण्यावर तरंगते, हे मात्र तळाशी बसते, त्यामुळे प्रयोगशाळेत त्याच्यासाठी वेगळ्या धाटणीचे क्लेव्हेंजर उपकरण, म्हणजे वाफेने तेल काढण्याचे काचेचे उपकरण लागते. गटाच्या भट्टीलाही म्हणूनच खालून तोटी होती, हे बाईंनी न विचारता सांगितले आणि मला त्यांच्याविषयी आदर वाटला. युजेनॉलच्या रेणूत फिनॉलचा गट असल्यामुळे तो हायड्रोजन सहज सोडतो. पहिल्या नळीत जांभळा रंग डोळ्यांदेखत उतरला आणि आकडा ९४ आला. मग तेच तेल दहापट पातळ करून दुसऱ्या नळीत घातले. आकडा ९३ आला. व्यापारी बराच वेळ दोन्ही नळ्यांकडे पाहत होता. नळीतले सगळे डीपीपीएच संपल्यावर आणखी कितीही तेल ओतले तरी आकडा वाढत नाही; शिवाय मागे उरलेला पिवळेपणा थोडा प्रकाश शोषतच असल्याने शंभर कधी येत नाही. त्यामुळे नव्वदीच्या पुढचा टक्का तेलाविषयी जवळपास काहीच सांगत नाही. निम्मा जांभळा रंग घालवायला किती तेल लागले, हे सांगितले तरच दोन तेलांची तुलना होते.

त्याने खिशातून सालीच्या तेलाची कुपी काढली. साल महाग, तेव्हा तिचे तेल नक्कीच सरस, असा त्याचा हिशेब होता. सालीच्या तेलात मुख्यतः सिनॅमाल्डिहाइड असते आणि त्याच्यात फिनॉलचा गट नसतो. नळी जांभळीच राहिली. “मॅडम, तुम्ही ते ९४ तेवढे लिहून द्या, बाकीचे शास्त्र आम्हाला नको,” असे तो म्हणाला. मी दिले नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानेही पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा असाच एक तक्ता संकेतस्थळावर ठेवला होता, आणि कंपन्या त्याचा जाहिरातीसाठी गैरवापर करू लागल्यावर २०१२ साली तो काढून टाकला. नळीतला जांभळा रंग घालवणे आणि माणसाच्या शरीरात काही घडणे यांच्यामध्ये पचन, शोषण आणि यकृत एवढे सगळे उभे असते. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी आपल्याकडे २०१८चे नियम आहेत. पण ते वाचण्यापेक्षा शिक्का मिळवणे सोपे, असा लोकांचा समज झालेला दिसतो.

इतका वेळ गप्प असलेल्या बाईंनी मग जे विचारले, त्याने माझी पुढची कितीतरी कामे मागे पडली. “मॅडम, ह्या आमच्या सुक्या बांगड्यांक लावला तर ते खवट होवचे नाय काय?”

प्रश्न नेमका होता. बांगडा तेलकट मासा. त्याच्या चरबीतील असंपृक्त आम्ले हवेतल्या ऑक्सिजनशी साखळीने अभिक्रिया करत जातात, मिठातल्या लोखंडाच्या अंशाने ती साखळी आणखी वेग घेते, आणि खारवलेला मासा पिवळट पडून खवटतो. फिनॉल ही साखळी मध्येच तोडते, तर फळांमधली सेंद्रिय आम्ले धातूंना बांधून ठेवतात. हा दुसरा गुण डीपीपीएचच्या नळीत दिसतच नाही. म्हणजे रंग वजा केल्यानंतरचे ६६ टक्केदेखील आगळाची पुरती बाजू सांगत नव्हते.

आमच्या दरपत्रकात अशा चाचणीला जागा नाही. व्यवस्थापनाने ‘नमुना कोणाच्या नावावर घ्यायचा’ एवढ्यावर दोन आठवडे घालवले. शेवटी मी तो प्रशिक्षणाच्या खर्चात बसवला. बाईंनी मासेमारी बंद होण्यापूर्वी बांगड्यांचे चार वाटे वाळवून पाठवले: नुसते मिठाचे, आगळात बुडवलेले, तेल चोळलेले आणि दोन्ही लावलेले. खवटण्याच्या सुरुवातीला चरबीत बनणारे पेरॉक्साइड थायोसल्फेटने मोजता येते, पण ते आधी चढते आणि पुढे विघटन होऊन उतरते, त्यामुळे कमी आकडा म्हणजे मासा ताजा की पार खवटलेला, हे एकट्या त्या चाचणीने कळत नाही. जोडीला, पेरॉक्साइडच्या विघटनानंतर उरणारी द्रव्ये दाखवणारी थायोबार्बिट्युरिक आम्लाची चाचणी लागते. तिचा गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटरला वाचतात, म्हणजे कोकमाचा लाल पुन्हा वाटेत आलाच. या वेळी मी ऊर्ध्वपातन करून घेते आहे. मोजायचे द्रव्य वाफेबरोबर निघून येते आणि कोकमाचा रंग फ्लास्कमध्ये राहतो.

आषाढ लागला तोवर नुसत्या मिठाच्या वाट्याला वास येऊ लागला होता. तेलाचा वाटा आकड्यांत सर्वांत चांगला आहे. त्यातला एक बांगडा बाईंनी घरी भाजून पाहिला आणि दूरध्वनीवर विचारले, “मॅडम, ह्यो बांगडो की दातदुखीचा औषध?” तेलाचे दोन्ही वाटे तिथेच बाद झाले. आगळाचा वाटा मधल्या आकड्यांवर टिकून आहे आणि घरातल्या सर्वांनी तो आवडीने खाल्ला. आगळाचा पडलेला दर अजून पूर्ववत झालेला नाही. माझ्या अहवालात टक्क्यांऐवजी तीन रकाने आणि एक तळटीप असल्यामुळे तो वाचायचा कसा, असे व्यापाऱ्याचे म्हणणे आहे.