नराराच्या ओहोटीत

जामनगरहून निघालो तेव्हा पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको: उधाणात भरती जितकी चढते, तितकी ओहोटीही लांब जाते. म्हणून तर कच्छच्या आखातात नराराला पोहता न येणाऱ्यालाही चालत जाऊन प्रवाळ बघता येतात.

गाईडच्या पावलावर पाऊल टाकत निघालो. पायाखाली काय जिवंत आहे, हे त्यालाच कळतं. घोटाभर पाण्यात तो थांबला. "बेन, आ जुओ."

दीड वीत रुंदीचा, तपकिरी-हिरवट घुमट. त्यावर अक्रोडाच्या गरासारख्या नागमोडी घळी. मेंदू-प्रवाळ! मी तिथेच उकिडवी बसले.

प्रवाळाचा एकेक जीव, म्हणजे पॉलिप, दुभागून वाढतो. इथे मात्र ती वाटणी अर्धीच होते. भाऊ वेगळे झाले, पण घरात भिंत घातली नाही, तसं. एकाच घळीत कितीतरी तोंडं रांगेनं नांदतात आणि भिंती उठतात त्या फक्त दोन्ही कडांना, चुनखडीच्या. वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. म्हणजे हा घुमट बहुधा माझ्याच वयाचा!

दिवसा त्याला पोसतं ते पेशींमध्ये राहणारं सूक्ष्म शैवाल, उन्हावर साखर बनवून. रात्री शुंडकं बाहेर येतात आणि पाण्यातले बारीक जीव टिपतात. ओहोटीत उघडा पडला की तो अंग आत ओढतो, वर चिकट स्राव पसरतो. त्याच स्रावाबरोबर गाळही निघून जातो, आणि या आखातात गाळ काही कमी नाही. गोल, भरीव बांध्यामुळे लाटांपुढेही तो टिकतो. फांद्यांची प्रवाळं मोडतात तिथे हा उभा असतो.

कडेला तळव्याएवढा भाग पांढरा पडलेला दिसला आणि जीव चरकला. पाणी फार तापलं की प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो आणि असाच पांढरा पडतो. लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर रंग परत येतो, पण ताप लांबला तर उपासमार होते. हा डाग कशाचा, ते नुसतं बघून कळेना. मी बराच वेळ तिथून हलले नाही.

प्रवाळ आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पडलेला तुकडासुद्धा उचलू नका, कृपा करून.

"बेन, पाणी आवे छे, चालो!"

वळून पाहिलं. घुमटाचा माथा तेवढा अजून पाण्याबाहेर होता.