एकच इंजिन, दोन नावे : आमच्या दुकानाची वाटचाल

वडिलांनी 1986 मध्ये मालवणात दुचाकी दुरुस्तीचे दुकान काढले, तेव्हा गावातल्या स्कूटरधारकांचे दोन तट होते. एक बजाजवाल्यांचा आणि दुसरा एलएमएल व्हेस्पावाल्यांचा. वस्तुतः दोन्ही स्कूटरांचे घराणे एकच होते. बजाजचा इटलीच्या पियाज्योशी असलेला करार 1971 मध्ये संपला आणि त्यानंतर आलेली बजाजची चेतक ही पियाज्योच्या व्हेस्पा स्प्रिंट या स्कूटरच्या आराखड्यावरच बेतलेली होती. पुढे 1980 च्या दशकात कानपूरच्या एलएमएलने त्याच पियाज्योशी नवा करार करून आपली स्कूटर बाजारात आणली. मुठीतले गिअर, बाजूला बसवलेले इंजिन आणि सकाळी तिरकी करून मग किक मारण्याची खोड, हे सगळे दोघींमध्ये सारखेच होते. तरीही चेतक वापरणारा गृहस्थ एलएमएलकडे ढुंकून पाहत नसे आणि एलएमएलवाला चेतकला रिक्षाची धाकटी बहीण म्हणून हिणवत असे. वडील दोन्ही बाजूंचे ऐकून घेत आणि दोघांची कामे एकाच पान्यांच्या संचाने करीत.

आमच्या व्यवसायाचा पाया या विसंगतीवरच उभा राहिला, असे आज मागे वळून पाहताना वाटते. कारखानदार आपापसांत आराखडे वाटून घेतात, एकमेकांची इंजिने विकत घेतात, प्रसंगी एकमेकांच्या कारखान्यात आपला माल बनवून घेतात. गिऱ्हाईक मात्र टाकीवरच्या नावाशी निष्ठा राखते. या निष्ठेला अडाणीपणा समजणारे मेकॅनिक मी पुष्कळ पाहिले आहेत. माझे मत तसे नाही, आणि ते का नाही हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

दुचाकींवरून आम्ही नौकांच्या इंजिनांकडे वळलो ते 1990 च्या दशकात. मालवण, सर्जेकोट आणि देवबाग या पट्ट्यात लहान होड्यांना मागच्या बाजूला अडकवायची इंजिने येऊ लागली होती. त्यांना कागदोपत्री आउटबोर्ड मोटर म्हणतात, बंदरावर नुसते मशीन किंवा ओबीएम. टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या, दुचाकींवर हात बसलेल्या माणसाला त्यांतले कार्ब्युरेटर, प्लग आणि पिस्टन परके नव्हते. नवे होते ते खालच्या अंगाचे काम, म्हणजे गिअरपेटी, पंखा, पाणी खेचणारा रबरी इम्पेलर आणि खाऱ्या पाण्यात धातू खाल्ला जाऊ नये म्हणून बसवलेला जस्ताचा तुकडा. देवबागच्या संगमावर गढूळ, वाळूमिश्रित पाण्यात इम्पेलर फार लवकर झिजतो, त्यामुळे इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली की तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाने, समजायचे असते की इंजिन तापणार. या एका भागाच्या विक्रीवर आमच्या दुकानाची पहिली काही वर्षे निघाली, असे म्हटले तरी चालेल.

इथेही दोन तट होतेच. यामाहावाले आणि सुझुकीवाले यांच्यात मात्र खरा फरक होता, कारण ती इंजिने सर्वस्वी वेगळी. गोंधळ सुरू झाला तो फोर-स्ट्रोक, म्हणजे तेल पेट्रोलपासून वेगळे ठेवणारी, इंजिने आल्यावर. मर्क्युरी हे अमेरिकी नाव आणि तोहात्सु हे जपानी. पण मर्क्युरीची मालक असलेली ब्रन्सविक आणि तोहात्सु यांनी 1988 मध्ये जपानात संयुक्त कंपनी काढली आणि 30 अश्वशक्तीपर्यंतची बहुतेक लहान फोर-स्ट्रोक इंजिने दोन्ही नावांसाठी तिथेच तयार होऊ लागली. निस्सानच्या नावाने विकली गेलेली लहान इंजिनेही मुळात तोहात्सुचीच होती. दुसरीकडे तोहात्सुच्या नावाने विकली जाणारी मोठी इंजिने होंडाकडे बनतात. आवरणाचा रंग आणि वरची पट्टी बदलली की गिऱ्हाइकाच्या दृष्टीने इंजिन बदलले. आमच्या दृष्टीने आवरण उघडल्यावर तोच पंप, तोच कार्ब्युरेटर आणि तेच पेच.

त्या काळात मला खरी दृष्टी मिळाली ती आमच्या समुद्रापासून फार दूरच्या एका वाहनामुळे. माझा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात असतो आणि हिवाळ्यात स्नोमोबाइल चालवतो. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा आणि वर मोटारसायकलसारखी बैठक असे हे बर्फावरचे वाहन. त्याच्या बोलण्यातून आणि नंतर वाचनातून लक्षात आले की नाममुद्रेवरच्या निष्ठेचा अभ्यास करायचा असेल तर याहून चांगला धंदा सापडणार नाही. मिनेसोटाच्या उत्तरेला रोझो गावी पोलॅरिस आणि तिथून फार दूर नसलेल्या थीफ रिव्हर फॉल्स येथे आर्क्टिक कॅट, अशा दोन कट्टर प्रतिस्पर्धी कंपन्या उभ्या राहिल्या, आणि दोन्हींच्या स्थापनेत एडगर हेटीन हा एकच माणूस होता. पोलॅरिसमधून बाहेर पडून त्याने 1960 च्या सुमारास दुसरी कंपनी काढली. भाऊबंदकी आम्हा कोकण्यांना नवी नाही, त्यामुळे ही हकिगत मला फारशी परकी वाटली नाही.

आर्क्टिक कॅटवाले हिरव्या रंगावर जीव टाकतात, जॅकेटपासून टोपीपर्यंत. पण त्यांच्या हिरव्या गाडीतले इंजिन 1970 च्या दशकापासून पुढची अनेक वर्षे जपानच्या सुझुकीने पुरवलेले होते. पुढे 2014 च्या मॉडेलांपासून कंपनीने स्वतःची टू-स्ट्रोक इंजिने आणली, आणि त्याच वर्षी यामाहाशी झालेली हातमिळवणीही लोकांसमोर आली. यामाहाने व्हायपर नावाची गाडी काढली. तिचा सांगाडा आर्क्टिक कॅटचा आणि 1049 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन यामाहाचे. तेच इंजिन आर्क्टिक कॅटने आपल्या 7000 मालिकेत बसवले. 2017 च्या मॉडेलांत 998 सीसीचे टर्बो इंजिन आले. यामाहाच्या दुकानात त्या गाडीचे नाव साइडवाइंडर, तर आर्क्टिक कॅटच्या दुकानात थंडरकॅट. दोन्ही गाड्या थीफ रिव्हर फॉल्सच्याच कारखान्यातून निघत.

आता निष्ठावंतांचे काय झाले असेल? सामान्य तर्काने पाहता त्यांची निष्ठा गळून पडायला हवी होती आणि त्यांनी जी स्वस्त मिळेल ती घ्यायला हवी होती. पुतण्याच्या गटात तसे घडले नाही. यामाहावाला म्हणे, की बर्फात वस्तीपासून दूर जे बंद पडू नये ते इंजिन, आणि ते आमचे आहे, तेव्हा बाकीचा सांगाडा कोणाचा याच्याशी मला कर्तव्य नाही. आर्क्टिक कॅटवाला म्हणे, की वळणावर गाडी कशी झुकते आणि खड्ड्यातून कशी उतरते हे सांगाडा ठरवतो, आणि तो आमचा आहे. इंजिन काय, पूर्वी सुझुकीचे होते, आता यामाहाचे. म्हणजे एकच गाडी दोघांनी आपापली ठरवली आणि त्यासाठी तिचा वेगवेगळा अवयव धरला. शिवाय ज्याचा विक्रेता गावात आहे, जो ओळखीने शनिवारी उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवतो, त्याच्याकडचेच नाव घ्यायचे ही तिसरी गोष्ट होती, जी दोघेही उघडपणे बोलत नसत, पण पाळत मात्र असत.

कॅनडाच्या बीआरपी या कंपनीचा प्रकार याहून निराळा. तिच्या स्की-डू आणि फिनलंडच्या लिंक्स या दोन नाममुद्रा आहेत, दोन्हींत ऑस्ट्रियात तयार होणारी रोटॅक्स इंजिने आहेत आणि मूळ आराखडाही पुष्कळसा सामायिक आहे. फरक मुख्यतः सस्पेन्शनमध्ये आणि मांडणीत ठेवला जातो. इथे वाटणी घरातल्या घरात असल्यामुळे कुरबुर कमी. तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या पाण्यावरच्या स्कूटरांत सी-डू दिसली तर तीही याच घराण्यातली आणि तिच्यातही रोटॅक्सच.

हे सगळे समजून घेतल्यावर आमच्या बंदरावरचे बोलणे मला वेगळे ऐकू येऊ लागले. एखादा तांडेल काउंटरवर येऊन "माका यामाहाच व्हया, आमच्या बापाशीनय ह्याच चलवल्यान" असे म्हणतो, तेव्हा तो वडिलांच्या आठवणीने हळवा होऊन बोलत नसतो. वडिलांच्या हयातीत त्या इंजिनाचे कोणते भाग किती हंगाम टिकतात, ते कोणाकडे मिळतात, होडी विकताना त्या इंजिनाची किंमत किती धरली जाते आणि शेजारच्या होडीवाल्याकडून अडीअडचणीला प्लग मागून घेता येतो की नाही, याचा हिशेब त्याच्या घरात आधीच मांडून झालेला असतो. तो हिशेब पट्टीवरच्या नावाने ओळखला जातो इतकेच. भर समुद्रात इंजिन बंद पडले की काय होते हे ज्याला माहीत आहे, त्याने नव्या नावाला लगेच हात घालू नये हेच शहाणपणाचे आहे.

याच कारणाने हिरो आणि होंडा 2010 च्या अखेरीस वेगळे व्हायचे ठरले, तेव्हा आमच्याकडच्या दुचाकी गिऱ्हाइकांनी फारशी घालमेल केली नाही. कंपनीचे नाव 2011 मध्ये हिरो मोटोकॉर्प झाले, पण स्प्लेंडर ती स्प्लेंडरच राहिली, तिचे भाग पूर्वीसारखे मिळत राहिले, आणि आमच्या तालुक्यात आजही पुष्कळजण तिला हिरो होंडाच म्हणतात. अलीकडे मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लांझा यांच्याबाबतही हेच दिसते. दोन्ही एकच गाडी आहेत हे जाणूनही माणूस जवळचे सर्व्हिस सेंटर कोणाचे याची चौकशी आधी करतो.

या विचारातून आम्ही दुकानाची मांडणी बदलली. पूर्वी कपाटे नाममुद्रेनुसार होती. आता ती इंजिनाच्या घराण्यानुसार आहेत आणि प्रत्येक खणावर त्या घराण्यातली सगळी नावे लिहिलेली आहेत. मर्क्युरीचा लहान फोर-स्ट्रोक घेऊन आलेल्याला इम्पेलर हवा असेल आणि त्याच्या नावाचा डबा संपलेला असेल, तर आम्ही दोन्ही कंपन्यांची सुट्या भागांची चित्रे त्याच्यासमोर ठेवतो, जुना भाग नव्यावर ठेवून दाखवतो आणि निर्णय त्याच्यावर सोडतो. बहुतेक जण घेतात. काही घेत नाहीत आणि मूळ नावाचा डबा येईपर्यंत होडी ओढून ठेवतात. त्यांना समजावण्याचा आग्रह आम्ही धरत नाही, कारण समुद्रावर जाणारा तो असतो, आम्ही नव्हे.

एक बाब मात्र मी प्रत्येकाला बजावतो. करार करून वाटून घेतलेला आराखडा आणि कोणाला न विचारता उतरवलेला आराखडा या दोन गोष्टी एक नव्हेत. जुन्या जपानी टू-स्ट्रोकच्या आराखड्यावर बेतलेली चिनी इंजिने आता किनाऱ्यावर दिसतात. मापे जुळतात, भाग बसतात, किंमतही कमी असते. पण माप जुळणे म्हणजे धातू जुळणे नव्हे. गिअरपेटीच्या आवरणाची मिश्रधातू, त्यावरचा रंगाचा थर आणि सील यांचा कस गोड्या पाण्यात लागत नाही. खाऱ्या पाण्यात तो एका पावसाळ्यात लागतो. मर्क्युरी आणि तोहात्सु यांच्यात मी निःशंकपणे भागांची अदलाबदल करतो, कारण कारखाना एकच आहे. नकलेच्या बाबतीत मी प्रत्येक भाग हातात घेऊन पाहिल्याशिवाय हो म्हणत नाही, आणि त्यामुळे काही विक्री हातची जाते.

सामायिक आराखड्याचा एक फायदा निष्ठावंतांच्या सहसा लक्षात येत नाही, तो कंपनी मावळते तेव्हा कळतो. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही नावे बनवणारी ओएमसी ही अमेरिकी कंपनी डिसेंबर 2000 मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचा हा व्यवसाय कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीने घेतला, जॉन्सनचे नाव पुढे बंद झाले आणि एव्हिनरूडचे उत्पादन 2020 मध्ये थांबले. पण जॉन्सनच्या नावाने विकली गेलेली बरीच फोर-स्ट्रोक इंजिने सुझुकीने बनवलेली होती, त्यामुळे ती बाळगणाऱ्यांना सुझुकीच्या खणातून भाग मिळत राहिले. ज्यांची इंजिने सर्वस्वी घरच्या आराखड्याची होती त्यांना जुन्या बाजारात शोधाशोध करावी लागली. स्नोमोबाइलच्या जगात आज तेच चालू आहे. यामाहाने 2023 मध्ये जाहीर केले की उत्तर अमेरिकेत 2025 चे मॉडेल शेवटचे असेल. आर्क्टिक कॅट 2017 मध्ये टेक्स्ट्रॉन या अमेरिकी कंपनीकडे गेली होती, ती 2025 मध्ये पुन्हा दुसऱ्यांच्या हाती आली. पुतण्याच्या साइडवाइंडरचे इंजिन ज्या कंपनीचे तिने या धंद्यातून अंग काढून घेतले आहे आणि सांगाडा ज्या कंपनीचा तिचे मालक बदलले आहेत. तरी तो निर्धास्त आहे, कारण त्याच घडणीच्या हिरव्या गाड्या त्याच्या परिसरात पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासाठी भाग ठेवणारा विक्रेता त्याच्या गावातच आहे. यामाहाची निळी टोपी घालणारा हा माणूस आता हिरव्या दुकानात उधारी ठेवून आहे, असे मी त्याला चिडवतो.

मासेमारीच्या बंदीचे दोन महिने, म्हणजे 1 जून ते 31 जुलै, हा आमच्या दुरुस्तीचा मुख्य हंगाम. याच काळात पुढच्या वर्षाची मागणी ठरते. कोणते घराणे किती दिवस टिकेल, त्याचे भाग दुसऱ्या कोणत्या नावाखाली मिळतील, याचा अंदाज आता कंपनीच्या जाहिरातीपेक्षा मी भागांच्या क्रमांकांवरून बांधतो. यामाहाने 2024 मध्ये विजेवर चालणारी नौका-इंजिने बनवणारी जर्मनीची टॉर्कीडो विकत घेतली आहे. तशी इंजिने आमच्या खाडीत आली तर त्यांवर कोणाचे नाव असेल आणि आत कोणाचे काम असेल, हे पाहूनच खण द्यायचा की नाही ते ठरेल. यंदाची मागणी मात्र पेट्रोलवरच्या जुन्या घराण्यांपुरतीच पाठवली आहे.