तुम्ही विचारलंत म्हणून: खेळातली नीती शिकवायची कशी?

खेळाडूंना नीती शिकवायची कशी, हा प्रश्न मला प्रशिक्षक नेहमी विचारतात, आणि बहुतेकांना उत्तरादाखल भिंतीवर लावता येईल असा नियमांचा तक्ता हवा असतो. तसा तक्ता मीही एके काळी लावला होता; मुले तो घडाघडा म्हणून दाखवत आणि पुढच्याच सामन्यात, चेंडू आपल्याला लागून बाहेर गेल्याचे ठाऊक असूनही, पंचांकडे भाबड्या चेहऱ्याने पाहत.

आता मी ज्यांत खेळण्याचा नियम उघडपणे मोडलेला नाही, अशा प्रसंगांपासून सुरुवात करतो. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरीच्या चार बॅडमिंटन जोड्या स्पर्धेबाहेर काढल्या गेल्या, कारण बाद फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून त्या मुद्दाम हरू पाहत होत्या. हरण्यातच फायदा दिसावा अशी गटसाखळी आखणाऱ्यांचा दोष किती, यावर वर्गात हमखास जुंपते. मी निकाल आधी सांगत नाही. आपण त्या जागी काय केले असते, हे प्रत्येकाने प्रथम लिहून द्यायचे.

त्यानंतर १९८०ची भारत-इंग्लंड मुंबई कसोटी. इंग्लंडच्या बॉब टेलरला पंचांनी बाद दिले असताना, तो निर्णय चुकीचा वाटल्याने भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी त्याला परत बोलावले, त्याने इयन बॉथमसह १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गडी राखून हरला. हा पराभव मी मुद्दाम सांगतो, कारण सचोटीच्या गोष्टी आपण सहसा बक्षिसापाशी आणून संपवतो आणि मुलांना तो व्यवहार लगेच कळतो.

पण खरा वेळ जातो तो पंचाविना होणाऱ्या सरावात. अल्टिमेट फ्रिसबी या तबकडीच्या सांघिक खेळात फाउल खेळाडूच पुकारतात आणि मतभेदही आपसात मिटवतात. तीच रीत मी आठवड्यातून एकदा इतर खेळांत वापरतो. पहिले काही आठवडे निम्मा वेळ भांडणात जातो, आणि मी मध्ये पडत नसल्यामुळे सहकाऱ्यांना तो माझा आळस वाटतो.

एका सामन्यात निर्णायक गुण चुकून आम्हाला मिळाला, आणि ते दिसूनही मी गप्प बसलो. मुलांपैकी कोणीही त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. पुढच्या पंचाविना सरावात मात्र एका मुलीचा फटका रेषेबाहेर पडला, तेव्हा कबूल करण्याआधी ती क्षणभर थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिले.