पीएचडीचं वेळापत्रक शेवटच्या महिन्यापासून उलटं मांडा

पीएचडीला नाव नोंदवलं की विषय, गाइड आणि फेलोशिप यांवर भरपूर बोलणं होतं. नोकरीचा विषय निघाला की मात्र ठरलेलं उत्तर येतं : ‘आधी थीसिस तर होऊ दे.’ महाराष्ट्रातल्या विद्यापीठांतल्या संशोधकांचं या एका वाक्यानं फार नुकसान होतं. सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी ज्या गोष्टी मोजल्या जातात, त्यातल्या बऱ्याच थीसिस चालू असतानाच जमवाव्या लागतात. नंतर जमवू म्हटलं तर हातात वेळ नसतो आणि पैसाही नसतो.

आधी पैशाची तारीख बघा. जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं जेआरएफला (नेट या देशपातळीवरच्या पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) पहिली २ वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढची ३ वर्षं एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) म्हणून ४२,००० रुपये मिळतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीत पीएचडीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत. मुदतवाढ त्यापुढे वेगळी. म्हणजे नियम ७२ महिने देतो, पैसे ६० महिन्यांतच थांबतात. त्यातही रक्कम दर महिन्याला वेळेवर पडेल याची खात्री नसते, सहा-सहा महिन्यांची एकदम जमा होते. तेव्हा निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय लांबच्या फील्डवर्कचं तिकीट काढू नका.

आता ६०व्या महिन्यापासून मागे या. थीसिस जमा झाल्यापासून सहा महिन्यांत मूल्यमापन उरकावं असं नियम सांगतो, पण बाहेरच्या दोन परीक्षकांपैकी एकाचा अहवाल रखडला की सगळंच रखडतं. म्हणून थीसिस ५४व्या महिन्यात जमा व्हायला हवा. त्याआधी प्री-सबमिशन सादरीकरण, सिनॉप्सिस (थीसिसचा सारांश) आणि साम्य तपासणी (मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो ते बघणं). साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर अडत नाही, त्यावर गेलं की प्रकरणं पुन्हा लिहायला बसावं लागतं. या सगळ्याला चार महिने धरा. लेखनाला एक वर्ष. हिशेब ३८व्या महिन्याशी येऊन थांबतो : तोवर डेटा हातात हवा. कोर्सवर्क (सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम) निदान १२ क्रेडिटचं असतं आणि त्यात पहिलं वर्ष कधी सरतं कळत नाही. उरतात जेमतेम सव्वादोन वर्षं. हे गणित पहिल्याच महिन्यात कागदावर मांडलं तर विषय आवाक्यातला निवडला जातो.

गाइड ठरवतानाही एक तारीख विचारून घ्या. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. साडेतीन वर्षं उरलेले गाइड नियमात बसतात, पण तुमचा थीसिस ऐन लेखनात असताना ते निवृत्त होतील. सह-मार्गदर्शक कोण, हे तेव्हाच ठरवून घ्या. विचारायला संकोच वाटतो खरा, पण चांगले गाइड स्वतःहूनच हा विषय काढतात.

आता गुणांकडे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत मुलाखतीला कोणाला बोलवायचं यासाठी १०० गुणांचे दोन तक्ते आहेत, विद्यापीठासाठी एक आणि कॉलेजसाठी दुसरा. दोन्ही सारखे नाहीत, आणि बरेच उमेदवार ते शेजारी ठेवून बघतच नाहीत. विद्यापीठात पीएचडीला ३० गुण, कॉलेजात २५. नेट जेआरएफसह असेल तर विद्यापीठात ७, कॉलेजात १०. नुसत्या नेटला ५ आणि ८, सेटला (राज्याच्या पात्रता परीक्षेला) ३ आणि ५. प्रत्येक शोधनिबंधाला दोन्हीकडे २ गुण, पण विद्यापीठात कमाल १० आणि कॉलेजात फक्त ६. अध्यापनाच्या किंवा पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) दर वर्षाला २, कमाल १०.

उदाहरण घेऊ. बीए ६५ टक्के, एमए ६२ टक्के, पीएचडी, सेट, तीन शोधनिबंध, दोन वर्षांचा अनुभव. याच क्रमानं विद्यापीठात १३, २३, ३०, ३, ६ आणि ४ मिळून ७९. कॉलेजात १९, २३, २५, ५, ६ आणि ४ मिळून ८२. याच उमेदवारानं चौथा निबंध छापला तर विद्यापीठात २ गुण वाढतात, कॉलेजात शून्य. नेट काढली तर विद्यापीठात २ आणि कॉलेजात ३ वाढतात. कॉलेजची नोकरी हवी असेल तर तीन चांगल्या निबंधांनंतर तो वेळ नेटला द्यावा, हे इथं आकड्यांतच दिसतं. शिवाय सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरतीच चालते, नेट देशभर. यूजीसीच्या या नियमावलीत गुणांनी फक्त मुलाखतीचं दार उघडतं. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीनं नव्या नियमांचा मसुदाही काढला आहे, म्हणून प्रत्येक जाहिरातीतले निकष नव्यानं वाचा.

निबंध कुठे छापायचा? थीसिस जमा करण्यासाठी निबंधाची सक्ती यूजीसीनं २०२२ मध्येच काढली, पण विद्यापीठाचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता तुमच्यावर आहे. ‘पैसे भरा, चार दिवसांत छापून देतो’ असा मेसेज आला की तिथंच थांबा. वेबसाइटवरच्या स्कोपसच्या (शोधनिबंधांच्या आंतरराष्ट्रीय सूचीच्या) लोगोवर विसंबू नका. स्कोपसच्या स्वतःच्या स्रोत-यादीत आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) टाकून बघा. नामांकित नियतकालिकांच्या हुबेहूब नकली वेबसाइटही असतात. जुन्या अंकातल्या एखाद्या लेखाचा डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) घेऊन तो doi च्या अधिकृत साइटवर उघडा आणि कुठे नेतो ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण दीड वर्षाची मेहनत वाचते.

पोस्टडॉक करायचं असेल तर वयाकडे लक्ष ठेवा. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपला मर्यादा ३५ वर्षांची (महिला आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत), इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपला सर्वसाधारणपणे ३२. तिशीच्या आसपास पीएचडीला लागलेल्यांनी हे आकडे आधीच टिपून ठेवावेत.

शेवटी फाइल, कारण अर्ज बाद होतात ते बहुधा कागदांपायी. सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवलं असेल तर नियुक्ती आदेश, रुजू झाल्याचा अहवाल, विद्यापीठाची मान्यता आणि मानधन जमा झालेलं बँक स्टेटमेंट, हे चारही दर वर्षाचे वेगवेगळे लावा. अनुभव प्रमाणपत्रात ‘शैक्षणिक वर्ष’ एवढंच लिहून चालत नाही, ‘पासून-पर्यंत’ तारखा हव्यात. वर्षाहून कमी काळ असेल तर गुण त्याच प्रमाणात कापले जातात, आणि तारीखच नसेल तर मोजायचं काय? राखीव जागेवर अर्ज करायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव थीसिस जमा करायच्या कितीतरी आधी टाका, समितीकडे महिनोन्महिने जातात. पीएचडीच्या तात्पुरत्या प्रमाणपत्रावर पदवी यूजीसीच्या कोणत्या नियमावलीनुसार दिली, हे लिहिलेलं आहे ना, ते खिडकीवरच वाचून घ्या. आणि अनुभव प्रमाणपत्रावर प्राचार्यांची सही दर एप्रिलमध्ये घ्या, ते बदलून जाण्याआधी.