थंडी बोटांना, ऊब पोटाला

"दिवसभर घरी बसून काम करता, आणि हीटर लावत नाही म्हणे. थंडी वाजत नाही का?" हिवाळा लागला की दर दोन-चार दिवसांनी कुणी ना कुणी मला हे विचारतं. त्यातल्या निम्म्या लोकांना माझी काळजी असते आणि उरलेल्यांना वीजबिलाची, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

वाजते. चांगली वाजते. घरात सगळ्यात आधी स्वेटर माझा बाहेर निघतो आणि सगळ्यात शेवटी आत जातो. पण माझं काम हिशेब तपासण्याचं. त्यामुळे पैसा जातो कुठे हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही, आणि हीच खोड मी थंडीलाही लावली.

सुरुवात फजितीनं झाली. घरून काम करायच्या पहिल्याच हिवाळ्यात मी 2,000 वॉटचा हीटर आणला आणि सकाळी 9 पासून संध्याकाळी 5 पर्यंत बिनघोर लावून ठेवला. 2,000 वॉट म्हणजे तासाला 2 युनिट, 8 तासांचे 16, महिन्यात कामाचे 22 दिवस धरले तर 352. दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढणाऱ्या बाईला हा गुणाकार बिल हातात पडल्यावर सुचला. त्याहून राग कशाचा आला, तर एवढं करून पाय गारच. कपाळाला घाम आणि तळव्यांना बर्फ.

मग मी दोन साधे थर्मामीटर आणले. एक भिंतीवर डोक्याच्या उंचीला टांगला, दुसरा टेबलाखाली पायांजवळ ठेवला. हीटर चालू असताना वरचा 23 अंश दाखवत होता, खालचा 16. गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलेलं असतंच, पण आपण महिनाभर छत शेकत होतो हे असं डोळ्यांनी दिसलं की फार लागतं.

दुसरी गोष्ट एका सुट्टीच्या दिवशी लक्षात आली. त्याच खोलीत, हीटर बंद ठेवून मी झाडूपोछा करत होते आणि मधेच मी स्वेटर काढून टाकला. थर्मामीटर बघितला तर 17. कामाच्या दिवशी याच 17 मध्ये मी कुडकुडत होते. म्हणजे खोलीइतकाच दोष माझ्या बैठकीचाही होता. नुसता बसलेला मोठा माणूस साधारण 100 वॉट उष्णता बाहेर टाकत असतो. चालायला लागला की ती दुपटीच्या वर जाते. टेबलाशी बसलं की हलतात ती फक्त बोटं, आणि बोटांच्या हालचालीनं काय ऊब येणार?

बोटांचं गणित तर आणखी गमतीचं आहे. आपण म्हणतो, बोटं आखडली, चला हातमोजे घालू. मीही घातले. टाइप करताना एकाच वेळी दोन-दोन कळा दाबल्या जायला लागल्या आणि बोटं तरीही गारच. कारण हातमोजा स्वतः काही तापत नाही, आत असलेली ऊब तो फक्त धरून ठेवतो. आत ऊबच आली नाही तर धरणार काय? थंडी जाणवली की शरीर आधी हृदय, फुप्फुसं, पोट सांभाळतं. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि हातापायांकडे जाणारं रक्त कमी करतं. मंदीत कंपन्या सगळ्यात आधी प्रवासखर्च कापतात, तसंच. तेव्हा गार पडलेली बोटं ही धडाकडची शिल्लक कमी झाल्याची पावती समजायची. भरणा धडाकडे करायचा, हातापायांचा पुरवठा आपोआप सुरू होतो.

म्हणून माझं सगळ्यात लाडकं साधन आहे गरम पाण्याची रबरी पिशवी. जुन्या स्वेटरची बाही कापून, एक टोक शिवून तिला अंगरखा केलाय. कोपरावर विरलेली जागा आता बरोबर पिशवीच्या पोटावर येते. ही पिशवी मांडीवर, पोटाला टेकवून ठेवायची आणि वरून जाकिटाची चेन लावून घ्यायची. वीस-एक मिनिटांत बोटं मोकळी होतात. हातांना काहीही न लावता. मला पहिल्यांदा हे खरं वाटलं नव्हतं, म्हणून मी चार दिवस मुद्दाम घड्याळ लावून बघितलं.

खर्च म्हणाल तर दीड लिटर पाणी 20 अंशांवरून 80 पर्यंत तापवायला जेमतेम एक दशांश युनिट लागतं. किटलीची थोडी गळती धरा, तरी दिवसातून तीनदा भरली की अर्ध्या युनिटच्या आत. पाणी मात्र उकळतं ओतायचं नाही. पिशवी दोन तृतीयांशच भरायची, झाकण लावायच्या आधी हलकेच दाबून आतली हवा काढून टाकायची. रबराला चिरा दिसल्या किंवा ते कडक झालं की माया न ठेवता फेकायची. मांडीवर फुटलेली पिशवी हा स्वस्त अपघात नसतो.

कपड्यांबद्दल नवं काही सांगण्यासारखं नाही. एका जाडजूड स्वेटरपेक्षा तीन पातळ थर बरे, कारण ऊब कापडात नसते, कापडांच्या मधे अडकून पडलेल्या हवेत असते. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपसूक सुचतं. मी आधी दोन पायमोजे एकावर एक घालून ते घट्ट बुटात कोंबायचे. मधली हवाही गेली आणि पायातलं रक्तही दाबलं गेलं, पाय आणखी गार. आता एकच लोकरी मोजा, सैल. फाटक्या मोज्यांचे पंजे कापून, अंगठ्यापुरतं भोक पाडून ते मनगटात चढवते. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात, तिथे ऊब राहिली की टाइप करताना बोटं अडखळत नाहीत.

खुर्चीकडे कुणाचं लक्षच जात नाही. जाळीच्या पाठीची ऑफिस खुर्ची बनवलेलीच असते पाठीला वारा लागावा म्हणून. उन्हाळ्यात ती सोन्यासारखी, हिवाळ्यात आपली वैरीण. मी तिच्या पाठीवर जुनं ब्लँकेट दुमडून घातलंय, तेच खाली बुडाशी येतं. दुसरं एक ब्लँकेट कमरेपासून पावलांपर्यंत गुंडाळलेलं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली गाठोडं. एकदा चालू मीटिंगमध्ये दाराची घंटा वाजली, मी सवयीनं ताडकन उठले, आणि पाच-सहा जणांनी ते गाठोडं उड्या मारत दाराकडे जाताना पाहिलं. तेव्हापासून कॅमेरा आधी, घंटा नंतर.

आणि पाय? माझे पाय कामाच्या वेळेत खोक्यात असतात. प्रिंटर आला होता ते पुठ्ठ्याचं खोकं, आडवं ठेवलेलं, तोंड माझ्याकडे. तळाशी एक जुनी उशी. नालीदार पुठ्ठ्याच्या मधल्या पन्हळींत हवाच भरलेली असते, त्यामुळे फरशीचा गारठा वर येत नाही. पिशवीची पहिली ऊब ओसरली की ती मांडीवरून खोक्यात जाते आणि पुढचा तासभर तिथे कामाला येते. दिसायला हे सगळं दरिद्री दिसतं, मान्य आहे. टेबलाखाली डोकावतं कोण?

टेबल मात्र मी हलवलं. खिडकीशी बसून काम करायची हौस होती, उजेड छान यायचा. पण काच गार असली की वारा आत येत नसला तरी त्या बाजूचा दंड, मान, गाल गारठतात, कारण आपलं अंग त्या गार काचेकडे उष्णता टाकत राहतं. टेबल आतल्या भिंतीला गेलं आणि खोलीचं तापमान तेवढंच असताना मला मात्र दोन अंशांनी बरं वाटलं. दिवसा ऊन येतं तेवढा वेळ पडदे उघडे, ऊन गेलं की बंद. दाराखालच्या फटीला जुन्या चादरीची गुंडाळी. दुपारी पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडून हवा बदलून घेते, नाहीतर भिंती ओलसर होतात, आणि ओल धरलेली खोली तापायला फार वेळ घेते.

विजेवरचं म्हणाल तर एक शेकायचा पॅड आहे, 60 वॉटचा. दिवसभर लावला तरी अर्धं युनिट. पण त्यानं मला एक धडा दिला. एका हिवाळ्यात मी तो कमरेला लावून रोज तास-न्-तास बसले. महिन्याभरानं कमरेवर तपकिरी जाळी उमटली, मासेमारीचं जाळं टेकवून उचलावं तशी. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि विचारलं, "काय शेकताय?" एरिथीमा अ‍ॅब इग्ने म्हणतात याला, विस्तवानं आलेली लाली. पूर्वी चुलीशी, शेकोटीशी रोज बसणाऱ्यांच्या पायांवर दिसायची, आता पॅड आणि मांडीवरच्या लॅपटॉपनं होते. चटका बसत नाही इतक्या कमी उष्णतेनंही ती उमटते, रोज त्याच जागी मिळत राहिली की झालं. डाग जायला मला पुढचा पावसाळा उजाडला. आता पॅड कपड्यांवरून, कमी आचेवर आणि अर्धा तासच. मधुमेहानं ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी पॅड किंवा पिशवी पायांशी अजिबात घेऊ नये. भाजलेलं कळतच नाही.

"मग कमी वीज खाणारा हीटर घेतला तर?" हा पुढचा प्रश्न नेहमीचाच. विजेची कॉइल तापवणारा कुठलाही हीटर घ्या, साधा किंवा महागडा, एका युनिटमधून एका युनिटचीच उष्णता देतो. खोक्यावर काहीही छापलेलं असो. फरक पडतो तो उष्णता कुठे जाते याचा. पंख्याचा हीटर हवा तापवतो आणि हवा जाते छताला. लालबुंद दांडीचा हीटर समोरच्या माणसाला शेकतो, त्यामुळे थोडा वेळ लावायचा तर तो बरा. उष्णता ओढून आणणारा एसी असेल, ज्यात गरम हवेची सोय असते, तर गोष्ट वेगळी. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, म्हणून बाहेर फारच कडाका नसेल तर एका युनिटमागे दोन-तीन युनिटांची ऊब देऊ शकतो. असेल तर जरूर वापरा, मी काही व्रत घेतलेलं नाही.

हीटर कुठलाही असो, तो थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा, एक्सटेन्शन बोर्डावर नाही, आणि पडद्यापासून, ब्लँकेटपासून लांब. बंद खोलीत कोळसे किंवा गॅस पेटवून शेकणं तर कधीच नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस जातो.

बाकी हालचाल. हुडहुडी भरल्यावर उठून उपयोग नाही, तोवर शरीरानं कपात सुरू केलेली असते. म्हणून मी घरातली झाडलोट कामाला बसायच्या आधी उरकते आणि तापलेल्या अंगानंच खुर्चीत बसते. फोन आला की उभी राहून, येरझाऱ्या घालत बोलते. माझा एक क्लायंट खूप बोलतो. पूर्वी त्याचा फोन म्हणजे वैताग वाटायचा, आता हिवाळ्यात मी त्याला मुद्दाम सकाळच्या सगळ्यात गार तासाची वेळ देते.

तर तो हीटर. तो आहे अजून, कपाटावर, पिशवीत बांधलेला. माझं हे सगळं चालतं ते धडधाकट माणसापुरतं. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, आजारी माणसं यांच्यासाठी खोलीच गरम हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली घराच्या आत निदान 18 अंश असावेत असं सांगितलं आहे, आणि अशा माणसांना त्याहून जास्तच लागतात. वयानुसार थंडीची जाणीवही बोथट होते. सासूबाईंचे हात गारठलेले असतात आणि त्या म्हणतात, "मला कुठे थंडी वाजतेय?" त्यांचं ऐकायचं नसतं. त्या हिवाळ्यात राहायला आल्या की हीटर खाली उतरतो आणि त्यांच्या खोलीत लागतो.

आणि मग एका माणसासाठी खोली तापवायची आणि दुसऱ्यानं शेजारच्या खोलीत खोक्यात पाय घालून बसायचं, हे हिशेबात बसत नाही. मी लॅपटॉप उचलून त्यांच्याच खोलीत जाते. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या कमरेखाली बघितलं आणि म्हणाल्या, "आता ते गाठोडं सोड की गं."