तिखेढुंगा ते घान्द्रुक : योगाची चटई आणि तीन हजार पायऱ्या

नेपाळातल्या उल्लेरी गावाच्या पायऱ्यांवर, निम्म्यापेक्षा थोडं जास्त चढून झाल्यावर, माझ्या डाव्या बुटाचा तळवा टाचेकडून सुटला आणि चपलेसारखा फटक फटक वाजायला लागला. पुढच्या दहा मिनिटांत उजवाही सुटला. बूट चांगले होते, महागाचे होते आणि जेमतेम चारदा वापरलेले होते. चूक तिथेच होती. सहा वर्षं ते पुण्याच्या माळ्यावर डब्यात पडून होते. या बुटांच्या तळव्यातला फोमचा थर हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत कुजतो, मग बूट वापरा नाहीतर ठेवून द्या. वरून काहीही दिसत नाही. आमच्या भरियादाईंनी (नेपाळात हमालाला भरिया आणि थोरल्या भावाला दाई म्हणतात) खिशातून नायलॉनची दोरी काढली, तळव्याखालून दोन वेढे घेतले, घोट्यावर गाठ मारली आणि म्हणाले, "बिस्तारै, दिदी," म्हणजे हळूहळू, ताई. त्या दोरीवर मी घोडेपानीपर्यंत गेले.

म्हणून पहिला सल्ला हाच. जुने बूट नेणार असाल तर निघायच्या दोन महिने आधी ते घालून पाच-सहा वेळा डोंगर चढा. मोडायचे असतील तर सिंहगडावर मोडू देत.

मी एकावन्न वर्षांची, बँकेत नोकरी, पंधरा वर्षं नियमित योगासनं. बरोबर माझी धाकटी जाऊ. नऊ दिवसांचं योग आणि पदभ्रमण शिबिर होतं, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. पोखऱ्यात दोन रात्री, मग तिखेढुंगा, घोडेपानी, ताडापानी आणि घान्द्रुक अशा चार मुक्कामांची चाल, शेवटी पुन्हा पोखरा. अन्नपूर्णा भागातला हा सगळ्यात रुळलेला रस्ता. सगळे मुक्काम तीन हजार मीटरच्या खाली आहेत. फक्त पूनहिल ही टेकडी ३२१० मीटरवर, तिथे पहाटे जाऊन परत यायचं असतं. त्यामुळे पहिल्यांदा हिमालयात जाणाऱ्यांना तो झेपतो. पण झेपतो म्हणजे सोपा आहे असं नाही, हे आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं.

आयोजकांनी पाठवलेल्या यादीत योगासनांबद्दल दीड पान होतं आणि गुडघ्यांबद्दल एक ओळ. खरं तर उलट हवं होतं. तिखेढुंगा साधारण दीड हजार मीटरवर, उल्लेरी दोन हजारांच्या आसपास, आणि मधे तीन हजारांहून जास्त दगडी पायऱ्या. आता जीप उल्लेरीपर्यंत जाते, बरेच गट तिथूनच चालायला लागतात. आमच्या गुरुजींनी मात्र आम्हाला खालीच उतरवलं. चढताना दम लागतो, पण थांबलं की तो जातो. खरा त्रास उतारावर होतो. घोडेपानीहून ताडापानी आणि तिथून घान्द्रुक, दोन्ही दिवस पायऱ्यांचा भरपूर उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असा दुखतो की कमोडवर बसणंही अवघड. भारतीय पद्धतीच्या संडासाचं तर विचारूच नका, आणि वर बहुतेक ठिकाणी तेच आहेत.

माझी तयारी बारा आठवड्यांची होती. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, आणि आठवड्यातून दोनदा पर्वती. सुरुवातीला मी पर्वतीवर जोरात चढायचे आणि गप्पा मारत उतरायचे. सहाव्या आठवड्यात एका ट्रेकर बाईंनी टोकलं, "चढायचं काय घेऊन बसलात, उतरायला शिका." मग पाठीवर पाच किलोची सॅक घेऊन एकेक पायरी मोजत, गुडघा किंचित वाकवूनच ठेवत उतरायला लागले. आसनांतही बदल केला. शीर्षासनाची वेळ कमी केली आणि उत्कटासन, मालासन, वीरभद्रासन यांत जास्त थांबायला लागले. जाऊबाईंनी यातलं काहीच केलं नाही. ती रोज सोसायटीत एक तास चालायची, सपाटीवर. ताडापानीच्या रात्री ती मला म्हणाली, "वहिनी, माझे पाय मला परत द्या." मी माझी एक काठी तिला दिली. दोन काठ्या दोघींत पुरत नाहीत, प्रत्येकीला दोन हव्यात. पोखऱ्यात लेकसाइडला त्या भाड्याने मिळतात, इथून वाहून न्यायची गरज नाही.

योगाबद्दल आता. पोखऱ्यात प्रशस्त हॉल होता, जाड चटया, समोर फेवा ताल (तलाव) आणि आकाश निवळलं की माछापुच्छ्रे शिखर. तिथून ते एकच अणकुचीदार टोक वाटतं. माशाच्या शेपटीसारखी दोन शेंडं पाहायची तर पश्चिमेकडून पाहावं लागतं. उंची ६९९३ मीटर. शिखर पवित्र मानलं जातं आणि चढाईला बंदी आहे. १९५७मध्ये एक ब्रिटिश तुकडी माथ्याच्या अगदी जवळून परत फिरली होती.

वर गेल्यावर मात्र योगाचं रूप पालटतं. जाहिरातीतल्या फोटोत बर्फाच्छादित शिखरासमोर पातळ कपड्यांत वृक्षासन करणारी मुलगी असते. आम्ही सूर्यनमस्कार घातले ते लॉजच्या जेवणघरात, बाकं भिंतीला सारून, मधल्या लोखंडी शेगडीभोवती. तिच्यावर ताणलेल्या तारेवर चाळीसेक ओले मोजे वाळत होते. तोंडाने श्वास घ्यायचा मोह होतो, पण गुरुजी ऐकत नाहीत. चटया देऊ असं कबूल केलेलं, पण चालीच्या चार दिवसांत त्या आल्याच नाहीत. लॉजच्या रजईवर काम भागवलं. पुण्यात अय्यंगार पद्धतीने शिकलेल्यांना दोऱ्या, ठोकळे, खुर्च्या यांची सवय असते. त्यांनी एक लांब सुती ओढणी नक्की न्यावी. पट्टा म्हणून चालते, गळ्याला गुंडाळता येते, आणि एकदा तर तिने आम्ही संडासाचं न लागणारं दार बांधून ठेवलं.

रोज संध्याकाळी विपरीत करणी, म्हणजे भिंतीला पाय टेकून उताणं पडणं, दहा मिनिटं. सुजलेल्या पावलांवर याच्याइतका सोपा उपाय मला माहीत नाही. फक्त खोल्यांच्या भिंती प्लायवूडच्या असतात. जाऊबाईने पाय टेकले तशी भिंत ठकठक वाजली आणि पलीकडून आवाज आला. तिला वाटलं शेजारी रागावले. ते बिचारे कुणीतरी दार वाजवतंय असं समजून ते उघडायला निघाले होते.

प्राणायामाबाबत एक गोष्ट गंभीरपणे घ्या. घरी तुम्ही जोरकस भस्त्रिका किंवा लांब कुंभक (श्वास रोखून धरणं) करत असाल, तरी वर ते सोडा. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, रोज योग करणाऱ्यालाही, आणि घाईने चढणाऱ्या तरुण धडधाकट माणसालाही. आमच्याकडून फक्त कुंभकाशिवाय नाडीशोधन आणि भ्रामरी करून घेतली. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण जात नाही, असं असेल तर ते लपवू नका आणि आणखी वर जाऊ नका. बरं वाटेना तर खाली उतरायचं, याला पर्याय नाही. डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) बरोबर ठेवायची का, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारा, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. तिथे शेजारच्या ट्रेकरकडून गोळी मागून घेऊ नका. झोपेच्या गोळ्या आणि दारू दोन्ही टाळा. शिबिरातल्या एका गृहस्थांनी पहिल्या रात्रीच रक्षी (तिथली गावठी दारू) घेतली आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चौताऱ्यावर बसले. चौतारा म्हणजे वाटेवर वड-पिंपळाखाली बांधलेला दगडी कट्टा, ओझं टेकता येईल एवढ्या उंचीचा. भरियांसाठीच असतो, त्यामुळे ते आले की उठून जागा द्यावी.

कागदपत्रं थोडक्यात. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आमच्या गटातले एक जण फक्त आधार घेऊन दिल्लीला आले आणि तिथूनच परत गेले. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना सार्क देशांच्या नागरिकांना एक हजार नेपाळी रुपये, इतर परदेशींना तीन हजार. आमचा आयोजकांनी काढला, तरी पासपोर्ट आकाराचे चार फोटो बरोबर असू द्या, सिमकार्डालाही लागतात. एप्रिल २०२३पासून नियमाने गाईड बरोबर असावा लागतो. शिबिरात तो असतोच, पण परवानाधारक आहे का ते विचारा. भरियादाईंचा विमा आहे का, त्यांच्या पायात नीट बूट आहेत का, हेही विचारा. विचारणारं कुणी असलं की व्यवस्था आपोआप सुधारते. दोघींत मिळून एकच बॅग द्या आणि ती हलकी ठेवा.

विमा स्वतःचाही बारकाईने वाचा. पुष्कळ स्वस्त पॉलिसींत ट्रेकिंग साहसी खेळात मोडून वगळलेलं असतं, किंवा उंचीची मर्यादा असते. हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात आहे का, हे लेखी घ्या.

पैसे : एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी, हा दर ठरलेला आहे. आपल्या मोठ्या नोटांबद्दलचे नियम बदलत आलेत, म्हणून शंभराच्या नोटांचं पुडकं न्या किंवा पोखऱ्यातच बदलून घ्या. वर एटीएमच्या भरवशावर राहू नका. खोली स्वस्त असते, पण जेवण त्याच लॉजमध्ये घ्यायचं हा अलिखित करार आहे. गरम पाण्याची अंघोळ, चार्जिंग, वायफाय यांचे पैसे वेगळे, आणि जसजसं वर जाल तसतसे सगळ्याचे दर चढतात. कारण उघड आहे, तो गॅसचा सिलिंडर कुणाच्या तरी किंवा खेचराच्या पाठीवरून आलेला असतो. खेचरांचा ताफा आला की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही.

खाण्याचं मला फार सुख झालं. दालभात, एक भाजी, गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचं आंबटसर कालवण, आणि मागाल तितकं पुन्हा वाढतात. ताजं शिजवतात, म्हणून तासभर आधी सांगून ठेवा. पोखऱ्यातलं शिबिराचं जेवण कांदालसणाशिवायचं आणि मिठाला कमी होतं. तिसऱ्या जेवणाला जाऊने पर्समधून मेतकुटाची पुडी काढली आणि आमच्या टेबलाची लोकप्रियता एकदम वाढली. चिक्की, भडंग, शेंगदाण्याची चटणी न्या. सुकामेव्याचे मोठाले डबे नकोत, आम्ही निम्मे परत आणले. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या विकत घेण्यापेक्षा गाळणी असलेली बाटली किंवा क्लोरीनच्या गोळ्या बऱ्या.

मराठी माणसाला एक फायदा असा की पाट्या देवनागरीत. वाचता सगळं येतं, कळतं मात्र अर्धंच, त्यामुळे गंमत होते. 'खाजा घर' वाचून जाऊ मालवणी खाजा मिळेल म्हणून आत शिरली. तिथे खाजा म्हणजे नुसता फराळ, आणि तिला चाऊचाऊ, म्हणजे नूडल्स, मिळाले. उकालो म्हणजे चढ, ओरालो म्हणजे उतार, तातो पानी म्हणजे गरम पाणी. एवढ्यावर आठ दिवस निघतात.

पूनहिलला पहाटे पावणेपाचला निघालो. डोक्याला बांधायची विजेरी हवीच, मोबाइलचा उजेड पायऱ्यांवर पुरत नाही आणि हात काठीला मोकळे लागतात. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. माझा बाहेरच्या खिशात होता. वर पोचल्यावर धौलागिरीच्या माथ्यावर पहिली तांबूस रेघ उमटली आणि चाळीस टक्के बॅटरी असलेला फोन थंडीने बंद पडला. म्हणून माझ्याकडे त्या सकाळचा एकही फोटो नाही. जाऊकडे त्रेसष्ट आहेत, त्यांतल्या अठ्ठावीसमध्ये मी आहे, आणि प्रत्येकात माझ्या पायात निळी नायलॉनची दोरी दिसते.

नवे बूट घोडेपानीच्या दुकानात मिळाले, एक नंबर मोठे. दोन मोजे घालून भागवलं, तरी घान्द्रुकला पोचेपर्यंत दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. ती गळून नवी यायला उन्हाळा उजाडला. जाताना नखं अगदी बारीक कापून जा.